‘म्हातारं झालं’ हे निदान नव्हे

घरातलं म्हातारं कुत्रं आजारी पडलं, की वाशिमच्या पाटणी चौकापासून मानोऱ्याच्या तांड्यांपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं : ‘म्हातारं झालं ना बाप्पा ते, आता काय करता त्याचं?’ शेजारी म्हणतो, पाहुणा म्हणतो, औषधाच्या दुकानातला माणूस म्हणतो आणि कधी कधी ज्याच्याकडे आशेनं कुत्र्याला नेलेलं असतं तो डॉक्टरही म्हणतो. ऐकणारा मान डोलावतो. आणि ते कुत्रं गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाटावर पुढचे पंधरा दिवस, कधी दोन महिने, कण्हत पडून राहतं.

या वाक्यामागं एक अख्खं मत उभं आहे. कुत्र्याचं आयुष्य असून असून किती, दहा-बारा वर्षं. ते संपत आलं. जनावर मुकं असतं, त्याला आपल्यासारखं दुखत नाही; दुखलं असतं तर ओरडलं असतं. त्यानं अन्न सोडलं, म्हणजे आपली वेळ आली हे त्यालाही कळलं. आता मध्ये पडू नये. आणि जिथं माणसाच्या औषधाला पैसा नाही, तिथं कुत्र्यावर खर्च करणं हा शहरातल्या सुखवस्तू लोकांचा शौक. हे बोलणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांचा आवाज मायेचा असतो, आणि म्हणूनच हे मत इतकं घट्ट बसलेलं आहे. पण त्यातून काढलेला एकही निष्कर्ष खरा नाही.

सुरुवात वयापासून करू. म्हातारपण हा आजार नाही, ते कुठल्याही दुखण्याचं निदान होऊ शकत नाही. तेरा वर्षांच्या कुत्र्याचे मागचे पाय उठताना थरथरतात ते खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या सांध्यातली कूर्चा झिजल्यामुळं. घास तोंडात घेऊन खाली टाकतं, कारण दाताच्या मुळाशी पू झालेला असतो. नसबंदी न झालेल्या मादीच्या पोटाखाली हाताला गाठ लागते, ती बहुतेकदा स्तनाची असते. ताप येतो-जातो, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं, तेव्हा गोचीडताप असण्याची शक्यता मोठी. त्यावर डॉक्सिसायक्लिनसारखं साधं औषध वर्षानुवर्षं वापरात आहे. लघवीच्या जागेतून रक्त ठिबकतं आणि तिथं लालसर गाठ दिसते, ती आपल्याकडे अनेकदा एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे समागमातून पसरणारी गाठ असते. आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टिनची काही इंजेक्शनं दिली की यातली बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. ज्यांना बरं करता आलं असतं अशी कुत्रीसुद्धा आपण ‘म्हातारं झालं’ म्हणून मरू देतो. हे कसलं शहाणपण?

सांध्यांची झीज तरी वयानं ठरलेली असते का? अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर त्यांच्या जन्मभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एका कुत्र्याला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं दिलं होतं. कमी खाणारी, सडपातळ राहिलेली कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. जे आपण दैव समजतो, त्यातलं बरंच आपल्या हातच्या वाडग्यात असतं.

काही आजार खरोखर बरे होत नाहीत. हाडाचा कर्करोग, फुफ्फुसात पसरलेली गाठ, शेवटच्या टप्प्यातली किडनी. इथं ‘आता काय करता’ म्हणणाऱ्याला आपलं बरोबर ठरल्यासारखं वाटतं, आणि नेमकी इथंच त्याची सर्वांत मोठी चूक होते. आजार बरा करणं हे एक काम, दुःख कमी करणं हे दुसरं. पहिलं हातात उरलं नाही म्हणून दुसऱ्याची जबाबदारी संपत नाही, उलट तेवढंच उरल्यामुळं ती वाढते. अंथरुणाला खिळलेल्या आजीला कर्करोग आहे म्हणून तिच्या दुखण्याची गोळी आपण बंद करतो का? तिच्या तोंडात पेजेचा चमचा घालणं थांबवतो का?

‘दुखलं असतं तर ओरडलं असतं’ हा आक्षेप मला सर्वांत जास्त संताप आणतो, कारण असाच तर्क एकदा माणसाच्या बाळांनाही लावला गेला होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अनेक देशांतल्या इस्पितळांत नवजात बाळांवर अगदी जुजबी भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. बाळाच्या मज्जासंस्थेला वेदना नीट कळत नाही, अशी डॉक्टरांची समजूत होती. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये काम करताना ही समजूत मोडली. १९८७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की शस्त्रक्रियेत फेन्टानिलसारखं वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी राहतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. बाळाला सांगता येत नव्हतं, म्हणून त्याला दुखत नाही असं मोठ्या माणसांनी ठरवून टाकलं होतं. कुत्र्याच्या बाबतीत आपण आजही तेच करतो आहोत. वेदना वाहून नेणाऱ्या नसा, मज्जारज्जू, मेंदूतली केंद्रं हे सगळं त्याच्याकडे आपल्यासारखंच आहे.

शिवाय कुत्रं सांगत असतं, आपण पाहत नाही. जुनं, मुरलेलं दुखणं ओरडत नाही. रात्री कुत्रं जागा बदलत राहतं, एका कुशीवर निजत नाही. उन्हात नसतानाही धापा टाकतं. ओट्याच्या पायऱ्या चढायचं सोडतं. एकच सांधा चाटून चाटून तिथले केस झडवतं. मालक घरी आला तरी उठत नाही, शेपटी जमिनीवरच हलवतं. ज्यानं आयुष्यात कधी दात दाखवले नाहीत, ते कंबरेला हात लागताच गुरगुरतं. यावर घरातले म्हणतात, ‘म्हातारपणी चिडकं झालं.’ चिडकं झालेलं नसतं, दुखत असतं. पशुवैद्यकांनी अशा खुणांवरून वेदना मोजण्याच्या पद्धती तयार केल्या आहेत. ग्लासगो विद्यापीठाची मोजपट्टी जगभर वापरली जाते. ज्याला हे जनावर बारा वर्षं माहीत आहे, त्या मालकाला तर मोजपट्टीचीही गरज पडू नये.

आता दुसऱ्या टोकाची चूक. कुणाला दया येते आणि तो घरातल्या डब्यातली गोळी काढून भाकरीच्या तुकड्यात घालतो. ‘आपल्याला चालते, त्याला का नाही?’ नाही चालत. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण पाडतात, रक्तस्राव करतात, किडनी बंद पाडतात. पॅरासिटामॉल चुकीच्या मात्रेत यकृत निकामी करतं आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घालवतं. डायक्लोफेनॅकचा धडा तर या देशानं फार महागात घेतला आहे. ते टोचलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडं किडनी बिघडून मेली, आणि २००६ मध्ये सरकारला जनावरांसाठी त्याच्यावर बंदी घालावी लागली. ज्या औषधानं आभाळातली गिधाडं संपवली, ते आपण अजून घरच्या कुत्र्याला मायेनं चारतो.

योग्य औषधं आहेत, आणि ती दुर्मिळ नाहीत. मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन, फिरोकॉक्सिब ही कुत्र्यांमध्ये तपासून पाहिलेली वेदनाशामकं. नसांच्या दुखण्याला गॅबापेन्टिनची जोड देता येते. पण मात्रा वजनावर ठरते, किडनी-यकृताची रक्ततपासणी आधी झालेली बरी, गोळी खाण्याबरोबर द्यायची, स्टेरॉइड चालू असेल तर ही औषधं त्याच्या जोडीला द्यायची नाहीत, आणि उलटी किंवा काळी शी झाली की थांबवून डॉक्टरला विचारायचं. एवढी शिस्त पाळणं अवघड आहे का? बीपीच्या गोळ्या आपण रोज वेळेवर घेतोच ना?

आणि सगळं काही गोळीतच नसतं. गुळगुळीत फरशीवर म्हातारं कुत्रं घसरतं आणि प्रत्येक घसरण्यानं सांधा आणखी दुखावतो; तिथं जुनं गोणपाट किंवा सतरंजी टाकली की ते उभं राहू लागतं. वाढलेली नखं कापली की पाऊल सपाट पडतं. पडून राहणाऱ्याला जाड गोधडी द्यावी आणि दर तीन-चार तासांनी कूस बदलून द्यावी, म्हणजे कोपरावर, खुब्यावर जखमा होत नाहीत. जखम झालीच आणि पावसाळ्यात तिच्यात किडे पडले, तर आपल्याकडे फिनाईल किंवा रॉकेल ओततात. जिवंत मांसावर ओतलेलं फिनाईल हा उपचार नाही, छळ आहे. जखम मिठाच्या कोमट पाण्यानं धुऊन, किडे काढून, औषध लावण्याचं काम दवाखान्यात दहा-पंधरा मिनिटांचं असतं.

सर्वांत खोलवर रुजलेला समज अन्नाचा आहे. ‘त्यानं अन्नपाणी सोडलं,’ असं आपण फार आदरानं म्हणतो. या मातीत प्रायोपवेशनाची कल्पना आहे. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरसारखं जैनांचं मोठं तीर्थ याच वाशिम जिल्ह्यात आहे, तिथं सल्लेखना म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पण ते व्रत जाणत्या माणसानं, शुद्धीत, स्वतःच्या इच्छेनं घेतलेलं असतं. कुत्र्यावर ते लादण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? कुत्रं व्रत घेत नाही. त्याला मळमळतं. किडनी बिघडल्यानं तोंडात व्रण झालेले असतात. दात दुखतो. सर्दीनं किंवा वयानं वास येईनासा होतो, आणि वास नसेल तर कुत्र्याला ते अन्न वाटतच नाही. कधी वाडगा इतका खाली असतो, की मान वाकवतानाच कळ येते. भूक जाणं हे लक्षण आहे, आणि लक्षणाला कारण असतं. मळमळीवर मॅरोपिटंट, ऑन्डानसेट्रॉन आहेत. वेदना आवरली की कित्येक कुत्री दुसऱ्या दिवशी स्वतःहून वाडग्याकडे येतात. उपाशी राहिलेल्याला आपण साधू ठरवतो, कारण मग त्याच्यासाठी उठावं लागत नाही.

आणि आपण देतो तरी काय? दुधात कुस्करलेली अर्धी भाकर, नाहीतर ग्लुकोजची बिस्किटं. हिशेब करून पाहा. पडून असलेल्या कुत्र्यालाही रोज किती उष्मांक लागतात, याचा ढोबळ नियम सोपा आहे : वजनाला तीसनं गुणायचं आणि त्यात सत्तर मिळवायचे. १५ किलोच्या कुत्र्याला ५२० किलोकॅलरी. अर्धी भाकर आणि वाटीभर दूध यांतून त्याच्या निम्म्याच्या आसपास पोहोचतात, आणि त्यात प्रथिनं फारच थोडी. शरीर मग स्वतःचे स्नायू खाऊ लागतं. पाठीचा कणा वर येतो, मांड्या बारीक होतात, आधीच कमजोर पाय आणखी लटपटतात. आपण म्हणतो, वयानं वाळलं. ते वयानं नव्हे, भुकेनं वाळलेलं असतं. दूध तर अनेक मोठ्या कुत्र्यांना पचतच नाही, जुलाब होतात आणि उरलंसुरलं पाणीही निघून जातं.

म्हाताऱ्या कुत्र्याला प्रथिनं कमी द्यावीत, हाही असाच फिरत आलेला समज. किडनीचा आजार बळावलेला नसेल तर वय वाढलेल्या कुत्र्याला चांगली प्रथिनं जास्त लागतात. उकडलेलं अंडं, कोंबडीचं मांस, थोडी कलेजी, आणि आपला हा जिल्हा सोयाबीनचा आहे तर नीट शिजवून बारीक केलेली सोयावडी. किडनीच्या रुग्णाला मात्र हाडं, दूध, कलेजी कमी, कारण त्यातलं फॉस्फरस त्याला झेपत नाही. त्याचा आहार डॉक्टरनंच ठरवावा. कांदा-लसूण घातलेलं वरण-रस्सा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कुणालाच नको, हे त्याला विषच आहे. अन्न कोमट करून द्यावं, कुत्र्याच्या अंगाइतकं, म्हणजे साधारण ३८-३९ अंश. त्यानं वास सुटतो. दिवसातून दोनदा भरलेल्या वाडग्याऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं. वाडगा विटेवर ठेवावा. जबडा उघडून घास कोंबू नये. तो श्वासनलिकेत जाऊन निमोनिया होतो, शिवाय कुत्रं त्या अन्नाचाच तिटकारा करू लागतं. दोन दिवस पोटात काहीच गेलं नाही तर तिसऱ्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

नामदेवांची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. कुत्र्यानं पोळी पळवली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी पोळी त्याच्या घशाखाली कशी उतरेल म्हणून. नामदेवांचं जन्मस्थान मानलं जाणारं नरसी इथून जवळच, शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. दत्तावतार मानल्या जाणाऱ्या नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव कारंजा तर याच जिल्ह्यातलं, आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्री नसलेली तसबीर कुणी पाहिली आहे का? त्या तसबिरीला गुरुवारी हार घालायचा आणि दारातल्या कुत्र्याला तीन दिवस उपाशी पडू द्यायचं, या दोन गोष्टी एका घरात कशा नांदतात?

मग शेवटचा आक्षेप पुढं येतो, पैशाचा. सोयाबीनच्या भावावर ज्यांचं वर्ष ठरतं, कर्जापायी जिथं माणसं जीव देतात, तिथं हे बोलताना शब्द जपून वापरावे लागतात. पण वर काय काय सांगितलं ते पुन्हा पाहा : गोधडी, गोणपाट, वीट, कोमट पाणी, अंडं, नखं कापणं, कूस बदलणं. मेलॉक्सिकॅम हे जुनं, स्वस्त औषध आहे. यात शौक कुठं आला? मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं इस्पितळ २०२४ मध्ये सुरू झालं, तिथल्या यंत्रांची मागणी इथं कुणी करत नाही. आणि हा आक्षेप बहुतेकदा गरीब घेतच नाही. मेंढरांमागं हिंडणारा धनगर आपल्या भाकरीतली चतकोर आधी कुत्र्याला टाकतो. आक्षेप घेतो तो ज्याला परवडतं तो. ज्या कुत्र्यानं दहा हंगाम रात्र रात्र जागून रानडुकरं आणि रोही शेतातून हुसकावले, त्याच्या शेवटच्या महिन्यातल्या औषधाला ‘खर्च’ म्हणायचं? ती त्याची मजुरी आहे, आणि ती आपण थकवली आहे.

काहीजण याहून पुढं जातात. कुत्र्याला गाडीवर घालून गावाबाहेर, धाब्याजवळ सोडून येतात आणि ‘तिथं त्याला खायला मिळेल’ असं सांगतात. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० पासून आहे. प्राण्याला अनावश्यक वेदना होऊ न देणं हे त्याच्या कलम ३ नं सांभाळणाऱ्याचं कर्तव्य ठरवलं आहे. पुरेसं अन्नपाणी न देणं आणि उपासमार होईल अशा अवस्थेत सोडून देणं हे कलम ११ खाली गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. त्याची लाज कायदा करणाऱ्यांनी बाळगावी. पण दंड लहान म्हणून गुन्हा लहान होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या नागराज खटल्यात भूक-तहान आणि वेदना-आजार यांपासून मुक्ती हे प्राण्यांचे हक्क म्हणून मान्य केले आहेत.

एवढं सगळं म्हणताना वेदनारहित मरणाच्या इंजेक्शनला माझा विरोध नाही. विरोध आहे तो आपल्याकडच्या दोन्ही सवयींना. एक घर वेदनेची एकही गोळी न देता पहिल्याच दिवशी ‘टोचून टाका’ म्हणतं. दुसरं घर ‘पाप लागतं’ म्हणून श्वासासाठी तडफडणाऱ्या जिवाला आठवडाभर तसंच ठेवतं. अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी सात गोष्टींची एक यादी दिली आहे : वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला शून्य ते दहा गुण. बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहावं, सतत खाली जात असेल तर डॉक्टरशी निरोपाचं बोलावं. वहीच्या एका पानावर दर दोन दिवसांनी हे लिहिता येतं. पण वेदना आणि भूक यांवर उपचारच केले नसतील, तर त्या गुणांना काय अर्थ? ते आपले गुण असतात, कुत्र्याच्या आजाराचे नव्हेत.

जबाबदारी फक्त घराची नाही. आपले पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशी, बैल, शेळ्यांसाठी उभे राहिले. लोक त्यांना ढोरांचा दवाखाना म्हणतात ते उगीच नाही. १९६२ या क्रमांकाची फिरती सेवाही मुख्यतः पशुधनासाठी आहे. दवाखान्यात कुत्रं नेलं की ‘अकोल्याला न्या’ हे उत्तर ठरलेलं. अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, तिथं शस्त्रक्रियेपासून तपासण्यांपर्यंत सोय आहे. पण वाशिमहून ते सुमारे ८० किलोमीटर, आणि उठू न शकणारं कुत्रं एसटीत नेणं सोपं नाही. वेदनाशामक सुरू करायला, मळमळ थांबवायला, कातडीखाली सलाईन द्यायला अकोला कशाला लागतं? हे श्रेणी-१ च्या कुठल्याही दवाखान्यात व्हायला हवं. जिल्हा परिषदेनं कुत्र्यांची वेदनाशामकं खरेदीच्या यादीत घालावीत आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांसाठी अकोल्याच्या संस्थेत म्हाताऱ्या प्राण्यांच्या शुश्रूषेचं छोटं प्रशिक्षण ठेवावं. लोकांनी मागितल्याशिवाय हे होणार नाही, आणि ‘म्हातारं झालं’ म्हणणारे लोक ते कधीच मागणार नाहीत.

म्हणून तुमच्या घरातलं कुत्रं उद्या उठलं नाही, तर त्याला दवाखान्यात न्या, आणि डॉक्टर ‘वय झालं’ म्हणाले तर तिथून उठू नका. विचारा : याला कुठं दुखतं? त्यासाठी काय देता? हे खात का नाही? रोज याच्या पोटात काय आणि किती जायला हवं? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय त्याला घरी आणू नका.